कॉम्प्युटरवरचं क्रोशाचं कव्हर

३ जानेवारी १९८७, शनिवार
आज एकदम इंदूची आठवण, माझी शाळेतली मैत्रीण. कॉन्व्हेंटच्या हॉलमधला पियानो, त्यावर हिरवं मखमली कापड. शिकणाऱ्या मुलींखेरीज कुणी हात लावायचा नाही. दुपारच्या सुट्टीत इंदूने कापड उचललं आणि एकच पट्टी दाबली. मी दारात पहाऱ्याला. एवढासा सूर. मग दोघी व्हरांड्यात बसून संत्र्याच्या फोडी खाल्ल्या, जसं काही झालंच नाही. इंदूला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आठवण आली कारण शाळेत दोन कॉम्प्युटर आलेत. पुण्याच्या शिबिराला मी जाऊन आले, म्हणून गणिताबरोबर आता हेही माझ्याकडे. आपल्या शाळेतल्या आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांना दर शनिवारी शिकवायचं. धूळ फार, म्हणून दोन्हींना क्रोशाची कव्हरं विणली. मुख्याध्यापिका बाई खूश. "आता कसं देवघरासारखं वाटतंय!" मला मात्र ते ऐकून पियानोवरचं हिरवं कापडच दिसलं.

१७ जाने., शनि.
पहिला वर्ग. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले.
काटोलचे वानखेडे सर म्हणाले, "मॅडम, हा टीव्ही हाये का टाइपरायटर?"
"दोन्ही नाही."
"मंग आम्ही भ्यायचं कोणाले?"
हशा. पण पुढे कुणीच येईना. शेवटी मेश्राम बाई आल्या. आमच्याच शाळेत मराठी शिकवतात, उमरेडकडच्या, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. बोट अक्षरावर अधांतरी. "बिघडन त नाही न मॅडम?"
"बिघडलं तर बघू."
एकेक अक्षर शोधत स्वतःचं नाव उमटवलं. पडद्यावर ते दिसताच पदर तोंडाला.
"काहून लाजता जी बाई," वानखेडे सर म्हणाले, "लग्नपत्रिका थोडीच हाये!"
त्यानंतर रांग लागली. प्रत्येकाला आपलं नाव बघायचं होतं. मलाही. सगळे गेल्यावर मी इंदूचं लिहिलं.

८ फेब्रु., रवि.
कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर असतात. टेपरेकॉर्डर मशीनला जोडायचा, कॅसेट लावायची आणि थांबायचं. आज एक घरी आणली आणि आपल्या टेपवर लावून ऐकली. नुसतं चिरकणं, मग खरखर, पुन्हा चिरकणं.
हे आतून ओरडले, "कुठली मांजरं आणलीस घरात?"
म्हटलं, पाढे आहेत हे.
"मग ओरडतायत ते बरोबरच आहे."
दोन्ही बाजू ऐकल्या. यात बारा कुठे आणि तेरा कुठे? मशीनला कळतं, मला नाही. इंदूने कान लावून ऐकलं असतं.

७ मार्च, शनि.
जिल्ह्याचे साहेब येऊन गेले. चहा घेता घेता म्हणाले, "मॅडम, तुम्ही तीस एप्रिलला रिटायर. पुढे?" या शाळेतलं दुसरं कुणी त्यांच्यासमोर, माझ्या मदतीशिवाय, वर्ग चालवून दाखवेल तर ठीक. नाहीतर दोन्ही मशिनं दुसऱ्या शाळेला. शनिवारचे वर्गही बंद. ११ एप्रिलला पुन्हा येणार.
मी मेश्राम बाईंचं नाव सांगून टाकलं.
बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं. "माह्यं नाव काहून घेतलं? माह्यं इंग्रजी असं. साहेबासमोर थरथर सुटते मले."
"तुम्ही पहिल्या पुढे आलात."
"ते त चुकून आली न मॅडम!"

२८ मार्च, शनि.
मेश्राम बाईंना सगळं येतं. पाढ्याचा प्रोग्रॅम न बघता लिहितात. वानखेडे सरांची चूक त्यांनीच काढली. पण प्रत्येक की दाबायच्या आधी माझ्याकडे बघतात. मी मान हलवली की बोट खाली. आज मुद्दाम खोलीबाहेर जाऊन बसले, तर दारात येऊन विचारायला लागल्या.
साहेबांना नेमकं तेच दिसणार.

१० एप्रिल, शुक्र.
काय झालं! उन्हाळा पेटलाय, मशीन तापू नये म्हणून मे. बाईंनी काल स्वतःच्या घरचा कूलर रिक्षातून आणला. वाळ्याची नवी खस, टाकी काठोकाठ, तोंड थेट मशीनकडे. सकाळपासून चालू. नागपूरकडचं माणूस जीव लावेल तर असाच लावेल. मी पोचले तेव्हा खोलीत खसचा सुंदर वास आणि मशीन ओलंचिंब. वरचं कव्हरसुद्धा. सुरू केलं तर आपोआप अक्षरं उमटायला लागली. दुसरं महिन्यापासून बंदच, म्हणजे हेच एक.
मे. बाई रडकुंडीला. "मले वाटलं गार वाटन त्याले."
मुख्याध्यापिका बाई: "साहेब उद्या येतायत, आणि तुम्ही मशीनला आंघोळ घातलीत?"
सगळ्या वायरी काढल्या. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला. म्हटलं, कुरडया वाळवतो तसं वाळवू. व्हरांड्यात सावलीला बाकावर मशीन ठेवलं, वर दुसरं, कोरडं कव्हर. जाळीतून वारा जातो, कचरा जात नाही. मे. बाई दुपारभर राखणीला, तासातासाने मशीन फिरवत. पापड-कुरडयांच्या गोष्टी निघाल्या. हसल्याही एकदा.
संध्याकाळी लावलं. चाललं! फक्त ७ ची की मेलेली. काही केल्या उठेना.

११ एप्रिल, शनि.
मी मागच्या बाकावर, हाताची घडी. मे. बाईंनी कॅसेट लावली, चिरकणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. पाढे आले, साहेबांसाठी बसवलेल्या शाळेतल्या मुली वाचायला लागल्या. साहेब मध्येच म्हणाले, "हे तर कॅसेटमधलं. तुम्ही लिहा. सतराचा पाढा लिहून दाखवा."
सतराच! आणि ७ ची की मेलेली.
मे. बाईंचं बोट ७ पाशी गेलं, थांबलं. आता वळून माझ्याकडे बघणार. मी मान कुठे हलवणार होते? मलाच काही सुचत नव्हतं.
वळल्या नाहीत. प्रोग्रॅमची एकेक ओळ लिहीत गेल्या, आणि जिथे सतरा हवे तिथे कंसात लिहिलं १८-१. वजाबाकी मशीनने केली.
सतरा, चौतीस, एक्कावन्न… खाली सरसर पाढा.
वानखेडे सर मागून, "वा जी बाई!"
साहेबांनी कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "सातची की बिघडली, सर. काल माह्याच हातानं." सरळ सांगितलं. साहेबांनी डायरीत काहीतरी टिपलं. "कळवतो," म्हणाले आणि गेले.

३० एप्रिल, गुरु.
निरोप झाला. हार, श्रीफळ, शाल. साहेबांचं उत्तर अजून नाही. मशिनं राहतील का, कोण जाणे. मुख्याध्यापिका बाई म्हणतात, "आता सुट्ट्या, जूनमध्येच कळेल."
राहणार असं धरूनच हे लिहून ठेवते. उद्या उतरवून मे. बाईंना देईन.
खोलीची किल्ली: मे. बाई.
पाढ्यांची मूळ कॅसेट: मे. बाई. तिच्या प्रती शनिवारच्या प्रत्येकाला. वानखेडे सरांना दोन, एक ते नक्की हरवतील.
माझा टेपरेकॉर्डर: शाळेला. ह्यांना सांगितलंय, हरकत नाही. मांजरं गेली म्हणाले.
कूलर: मे. बाईंच्या घरी परत, उद्याच.
कव्हरं: मशिनांबरोबर जिथे जातील तिथे. धुळीसाठी लागतील. पण सकाळी जी मुलगी पहिली येईल, तिने ती काढायची. कुणाला विचारायचं नाही.