त्रेपन्नाव्या वर्षी जोइक

१३ जानेवारी, सकाळ. उणे एकतीस.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाकडे नोंद असावी. नंतर लोक विचारतात.

नगरपालिकेच्या पाणी खात्यातून सुटलो. चोवीस वर्षं आमच्या कारास्योक गावचे नळ गोठू दिले नाहीत. एक हिवाळा सोडून, आणि त्याची चौकशी झाली आहे. आता आपलं खरं काम: रेनडिअर. पर्यटकांसाठी एका दिवसाची ट्रिप. लहान ग्रुप, जास्तीत जास्त सहा जण. सकाळी रेनडिअरना चारा, मग स्लेजमधून फेरी, मग तंबूत रस्सा आणि कॉफी, शेवटी आमची सामी लोकांची संस्कृती. संस्कृती मी स्वतः बघणार.

राव्नाला फोन केला. धाकटी बहीण, घरचा कळप तीच सांभाळते. म्हणाली, दादा, तू शेवटचा रेनडिअर कधी बांधलास? म्हटलं, हे रक्तातच असतं. म्हणाली, रक्तात असून काय करतोस, हातात पाहिजे. तिचं बोलणं पहिल्यापासून असंच. तरी तीन स्लेज आणि ओढायला नर द्यायला कबूल झाली. सगळ्यांत पुढे मुझेत नावाचा नर. तो शहाणा आहे म्हणे, पण मोकळा सोडायचा नाही. थांबलास की आधी त्याला बांध, मग बाकी जगातलं काय ते कर. हे मला सांगते.

१४ जानेवारी

खरं कारण लिहून टाकतो. इथे कोण वाचतंय.

मला जोइक नाही. आमच्यात प्रत्येक माणसाचा स्वतःचा एक सूर असतो, दुसऱ्याने बांधून दिलेला, तो.

आम्ही चुलत-आते धरून अकरा भावंडं. दहा जणांना गारेन आत्याने जोइक दिलं. राव्नाला चौथ्या वर्षीच मिळालं. राव्नाच्या जुन्या स्नोस्कूटरलाही मिळालं. ती स्कूटर भंगारात जाऊन नऊ वर्षं झाली, अजून लग्नात तिचं जोइक म्हणतात. मी त्रेपन्न वर्षांचा आहे आणि माणसं माझ्याबद्दल बोलताना नुसतं नाव घेतात.

मागून घ्यायची सोय नाही. मागितलं की संपलं. आणि आत्या एक्क्याऐंशीची झाली. दम पुरत नाही. ईस्टरला धाकट्या भाचीचं लग्न आहे, तिथे शेवटचं म्हणेन, त्यानंतर नवीन करणार नाही, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय. म्हणजे माझ्याकडे तीन महिने.

माझं निदान: आत्याला विषय कमी पडला. पाण्याच्या मीटरवर बिचारी काय करणार. रेनडिअरच्या पुढे चालताना दिसलो की आपोआप सुचेल.

२२ जानेवारी

आरशापुढे स्पीच. ‘मंडळी, जोइक म्हणजे एखाद्यावरचं गाणं नव्हे. जोइक म्हणजे तो माणूसच. ज्याचं जोइक त्याच्या मालकीचं, बनवणाऱ्याचं नव्हे. शब्द नसले तरी गावातला कोणीही ऐकून सांगेल, हा अमुक.’ उत्तम जमलं. इथे कोणी ‘तुमचं कसं आहे’ विचारलं तर काय, हा पॉइंट बाकी.

दुपारी रेनडिअर धरायचा फास टाकायचा सराव. अकरा वेळा टाकला. एकदा लागला. शेजाऱ्याच्या गाडीच्या आरशाला. पकड मजबूत होती, आरसा निघाला.

१ फेब्रुवारी. पहिली ट्रिप.

यशस्वी. राव्ना सोबत होती; नको म्हटलं तरी आली. रेनडिअर तिने जुंपले, तिने हाकले, तिने बांधले. मी नेतृत्व केलं.

एका पाहुण्याने विचारलं, तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत? हे इथे कोणी कोणाला विचारत नाही. विचारलंच तर झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत म्हणायचं आणि विषय बदलायचा. मी आकडा सांगितला. राव्नाचा. जरा वाढवून. ती रस्सा ढवळत होती, ढवळायची थांबली.

शेवटी एका बेल्जियन बाईने विचारलंच, तुमचं जोइक कसं आहे? म्हटलं, काम चालू आहे.

६ फेब्रुवारी. आमचा सण.

शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव निळ्या अंगरख्यांत. मी फासाची दोरी खांद्यावर टाकून आत्याला नीट दिसेन असा उभा राहिलो. चाळीस मिनिटं. डाव्या बाजूने, कारण डावी बाजू बरी आहे.

शेवटी तिने जवळ बोलावलं. मी खांद्यावरची दोरी सरळ केली. म्हणाली, हेइक्का, माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय रे, जाता जाता बघशील?

बघितला. वायसर गेला होता. आत्या जोइक देण्याआधी माणसाला जवळून न्याहाळते म्हणतात. मी नळ खोलत होतो तेव्हा ती टीव्ही बघत होती, पण कान इकडे असणार.

१६ फेब्रुवारी

निर्णय. स्वतःच करायचं.

स्वतःचं जोइक स्वतः करू नये असा नियम कुठेही लिहिलेला नाही. फक्त कोणी करत नाही. ‘कोणी करत नाही’ आणि ‘करू नये’ यांत फरक आहे, आणि खात्यात असताना मी याच फरकावर दोन बढत्या घेतल्या.

खरं तर गेला आठवडाभर गॅरेजमध्ये बसून करूनही टाकलं. खालून सुरू होतं, वर चढतं, वरच राहतं. त्यात डोंगर आहे, वारा आहे, मध्ये एक लांडगा आहे, तो मला घाबरतो. साडेचार मिनिटं. आत्याची सगळी जोइकं एका मिनिटाच्या आत संपतात. दमामुळे असेल.

२२ फेब्रुवारी. ट्रिप.

म्हटलं. पूर्ण. डोळे मिटून. आधी सांगितलं की हे आत्याने मला दिलंय. खोटं नाही, आगाऊ.

संपल्यावर एका स्विस बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तंबूत धूर होता हे खरं, पण बाकीच्यांच्याही डोळ्यांत होता, त्यांना काही झालं नाही. तिच्या नवऱ्याने व्हिडिओ काढला. राव्ना बाहेर रेनडिअरना पाणी दाखवायला गेली ती लवकर आलीच नाही.

२५ फेब्रुवारी

व्हिडिओ आत्यापर्यंत पोचला. तिने कॉफीला बोलावलं. आमच्या पद्धतीने कॉफीत चीज घालून दिली, म्हणजे मूड चांगला.

म्हणाली, म्हण बघू. म्हटलं. अडीच मिनिटांनी म्हणाली, लांडग्यापाशी आलास का? म्हटलं, नाही अजून. म्हणाली, मग राहू दे. कोणी दिलं तुला हे? मी खिडकीबाहेर बघितलं. म्हटलं, आत्या, ते आलं. म्हणाली, स्वतःच स्वतःला? म्हटलं, एका अर्थाने. तिने कपातलं चीज सावकाश ढवळलं. मग म्हणाली, केक घे.

भारावली होती. शब्द सापडत नव्हते.

घरी येताना मात्र वळण चुकलो. केकमुळे.

८ मार्च, संध्याकाळ

आज राव्ना कळपाकडे गेली होती. पहिली स्वतंत्र ट्रिप. तपशील फक्त नोंदीसाठी.

अकरा वाजेपर्यंत सगळं छान. स्लेज एकामागे एक बांधलेल्या, पुढे मुझेत, त्याच्या पुढे मी चालत. सहा पाहुणे पांघरुणांत. बर्चच्या झाडांपाशी थांबलो. पाहुण्यांना म्हटलं, खऱ्या सामीला रेनडिअर बांधावा लागत नाही, तो आपल्या माणसाचा शब्द ओळखतो. दोरी बर्फावर टाकली. फार परिणाम झाला. मग सकाळची चार कप कॉफी आठवली आणि मी झाडामागे आडोशाला गेलो.

रेनडिअरला हिवाळ्यात मीठ मिळत नाही. माणसाच्या लघवीत मीठ असतं. वास आला की तो येतो, चालत नाही, धावत येतो. म्हणून आमच्याकडे आधी जनावर बांधतात, मग मोकळे होतात. हे कारास्योकमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. वळून बघितलं तेव्हा आठवलं.

मुझेत येत होता. मागे तिन्ही स्लेज, त्यांत सहाही पाहुणे. माझा सूट सबंध अंगाचा, तो गुडघ्यांपर्यंत उतरलेला. तशाच अवस्थेत जमेल तेवढ्या छोट्या पावलांनी पळालो. पळता पळता पाहुण्यांना धीर देत होतो, की सगळं ठरल्याप्रमाणे चाललं आहे. बर्चचं झाड बारीक निघालं. दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला पडलो. मुझेत माझ्या अंगावरून वाकून हवं ते चाटत उभा राहिला, शांत. कोणालाही इजा नाही. बर्फावरून शेजारी स्नोस्कूटरने चालला होता, आरशाचाच. त्याने हात केला.

पाहुण्यांनी अभिप्रायाच्या वहीत ‘अविस्मरणीय’ लिहिलं. सहाही जणांनी.

९ मार्च

राव्ना आली. ओरडली नाही. विचारलं, बांधला होतास? म्हटलं, परिस्थिती वेगळी होती. म्हणाली, दादा, माणसं होती त्यात.

नवी व्यवस्था: रेनडिअर आणि पाहुणे राव्ना. तंबू आणि कॉफी मी. थोडक्यात मी मुख्यालयात.

१७ मार्च

आत्याला माझी काळजी लागली आहे. राव्ना सांगत होती, तीनदा फोन आला. कुठल्या बाजूने पळाला? डावीकडून की उजवीकडून? पावलं केवढी पडत होती? आणि पळताना सगळा वेळ बोलत होता का? राव्ना म्हणाली, पाहुणे सांगत होते, हो, सगळा वेळ. आत्या म्हणाली, बरं, बरं.

या वयातही भाच्याच्या तब्येतीची एवढी चौकशी. वाईट वाटलं. ईस्टरच्या आत जोइक काही होत नाही आता. बिनजोइकाचा जाणार मी. मेल्यावर लोक काय म्हणणार? काहीच नाही. हेच तर दुखतं.

१९ एप्रिल. लग्न. रात्री लिहीत नाही, सकाळीच लिहितो, म्हणजे आज २०.

चारशे माणसं. रस्सा संपत आला तेव्हा आत्या उठली. राव्नाने दंड धरला. हॉल गप्प झाला, शेवटची वेळ म्हणून. तिने नवऱ्या मुलीचं म्हटलं. मग जरा दम घेतला आणि नवीन सुरू केलं.

सुरात छोटी छोटी पावलं. घाईची. मग थांबणं. मग समजावणीचा सूर, ए-हे, ए-हे, कोणीतरी कोणाला तरी सगळं ठीक आहे सांगतंय. त्याच्या खाली खुरं, सावकाश, ठाम. पुन्हा छोटी पावलं. वीस सेकंद. शब्द एकही नाही.

दुसऱ्या वेळेला कोणीतरी फस्सकन हसलं. तिसऱ्या वेळेला चारशे माणसं एकदम म्हणाली, हेइक्का.

मला पहिल्या चार पावलांतच कळलं होतं. तसा मी चालतो. बर्फ असो नसो, सूट वर असो की खाली, खात्यात होतो तेव्हाही मी तसाच चालायचो. चौथ्या वेळी आत्याचा दम संपला. हॉलने पुढे नेलं. तिला खाली बसवलं तरी लोक म्हणत होते.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आत्या, यात थोडा बदल होईल का? थोडा वारा, एखादा डोंगर. म्हणाली, तुझं आहे ते, तू मालक, हवं ते कर. फक्त बदलत नाही. मग माझा हात धरून म्हणाली, अरे, मी का दिलं नाही म्हणतोस? जेव्हा बघावं तेव्हा तू उभा असायचास, कोणीतरी फोटो काढतंय असा. उभ्या माणसाचं काय म्हणू? या वर्षी पळालास एकदाचा.

मी रडलो. सगळ्यांदेखत. आनंद होता आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं होतं, दोन्ही, कुठलं जास्त ते कळलं नाही.

२६ एप्रिल. मोसमातली शेवटची ट्रिप.

राव्ना सोमवारी कळपाबरोबर उन्हाळी चराईला किनाऱ्याकडे निघेल. सहा पाहुणे, सगळे डच. राव्नाने रेनडिअर बांधले, मग तंबूत आली. मी कॉफी ओतत होतो.

संस्कृतीच्या वेळी म्हणाली, आता एक नवीन जोइक, आमच्या आत्याचं शेवटचं. याचं नाव हेइक्का. माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच हो म्हटलं. मालकाची परवानगी लागते. तिने म्हटलं, बर्चच्या झाडाची गोष्टही सांगितली. सहाही जण पोट धरून हसले. मीही हसलो, स्टाफने हसावं तेवढं.

नंतर एक म्हातारी बाई कप घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, हा हेइक्का खरंच आहे का हो? म्हटलं, आहे. म्हणाली, काय गोड माणूस असेल, भेटायला आवडलं असतं. म्हटलं, कठीण आहे, तो डोंगरात असतो, कळपाबरोबर, फारसा खाली येत नाही.

तेवढ्यात राव्नाने तंबूच्या दारातून हाक मारली, हेइक्का दादा, पाहुण्यांना अजून कॉफी हवी आहे.

बाईने माझ्याकडे बघितलं. मग किटलीकडे. मी रिकामी किटली भरून आणायला निघालो, आणि दारापर्यंत पोचेतो मागून सहाही डच माझ्या पावलांवर ते म्हणू लागले. एक सूरही चुकला नाही.