पांडवलेणीच्या पायरीवर विचारलेली नावं

अण्णा, परवाच्या शनिवारी मी पोरांना घेऊन पांडवलेणीला गेलो होतो. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तुम्ही त्यांना पाहिलं नाही. नववीत शाळा सोडल्यापासून मीही तुमच्यासारखा अंबडच्या कारखान्यातच आहे, सुट्टी शनिवारचीच, आणि सुट्टीत कुठे जायचं हे मला कधी ठरवावं लागलं नाही. पाण्याच्या बाटल्या, जास्तीचे कपडे, खरचटलं तर मलम, सगळं मी आदल्या दिवशीच भरून ठेवतो. बायको म्हणते, "डोंगर चढायचाय की बिऱ्हाड हलवायचंय?"

निम्म्या पायऱ्यांवर आपले जुने शेजारी भेटले, कॅरमवाले काका. नातवाला घेऊन आले होते. पोरं खेळायला लागली आणि आम्ही शेंगा खात बसलो. मी सहज म्हणालो की अण्णा मला दर शनिवारी इथेच आणायचे, लहानपणातलं तेवढंच चांगलं आठवतं. काकांचा हात थांबला. "तुला अजून ठाऊक नाही होय? कंपनीत युनियन काढायचं चाललं होतं तेव्हा आम्ही माझ्या घरी जमायचो. कोण कोण येतं त्याची यादी साहेबाकडे गेली. कामावरून काढताना त्याने ती माझ्यापुढे धरली, तुझ्या बापाच्या अक्षरातली. तो तर माझा उंबरा चढत नव्हता. मग डोक्यात आलं, आमच्या पोराशी कॅरम खेळायला रोज कोण येतं."

"तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत."

"आठ वर्षांच्या पोराला काय बोलणार? जाऊ दे. शेंगा खा."

सकाळची शाळा सुटते, तुम्ही फाटकाशी सायकल घेऊन उभे असता. पायरीवर बसवून माझ्या हातात कुल्फी देता आणि डोंगराखालच्या रस्त्याकडे बघत विचारता, "काल काकांकडे कोण कोण होतं रे?" मी बोटांवर मोजत सांगतो. दाराशी कोण बसलं, चहा कोणी घेतला नाही, सगळं. तुम्ही पाठीवर हात ठेवता. "माझं पोरगं एक नाव चुकत नाही." शाळेत मला असं कोणी कधी म्हणालं नाही. हेच तुम्ही घरीही विचारू शकला असता, पण घरी आई होती. म्हणजे आपण काय करतोय ते तुम्हाला कळत होतं. मला वाटायचं शनिवार माझ्यासाठी आहे.

मग काका आणि इतर पाच जण कामावरून गेले, तुम्ही सुपरवायझर झालात, आणि आपलं डोंगरावर जाणं बंद झालं. "पाय दुखतात," म्हणालात. मी कितीतरी दिवस रात्री अंथरुणात नावं पुन्हा पुन्हा मोजायचो. माझं एखादं राहिलं असेल, म्हणून अण्णा रागावले असतील, असं मला वाटायचं. तुम्ही मला तसंच वाटू दिलंत.

परवा उतरताना मुलगी माझा हात धरून म्हणाली, "पप्पा, काल ना शेजारच्या काकूंकडे..." मी एवढ्या जोरात "नको सांगूस" म्हणालो की ती रडायला लागली. घरी आल्यावर आईलाच जाऊन बिलगली. तिला फक्त मांजराची पिल्लं सांगायची होती, हे रात्री बायकोकडून कळलं. आज ती विचारतेय, या शनिवारी कुठे जायचं. मी बॅग भरलेली नाही. तिच्याशी पायरीवर बसून गप्पा कशा मारायच्या हेच मला कळेनासं झालंय, आणि ते तुमच्यामुळे.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. एका शुक्रवारी काकांकडे कोणीच आलं नव्हतं. कुल्फी मिळणार नाही म्हणून मी समोरच्या खोलीतल्या सटाण्याच्या माणसाचं नाव सांगितलं. काढलेल्या सहांत तोही होता. परवा काकांच्या शेजारी तासभर बसलो, पण हे त्यांना सांगितलं नाही.