पितळेची नळी

नाना, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि गेल्या दिवाळीच्या आधी मी एक पिस्तूल विकत घेतलं. घाबरू नका, खोटं आहे. आपल्या गल्लीतल्या गणपतीत पांढरा पडदा लावून एक इंग्रजी सिनेमा हिंदीत दाखवला होता, अंतराळातला, आठवतो का? त्यातल्या बाईच्या हातात होतं ते. बुटकं, जाड नळीचं, नळीवर तांब्याच्या तीन कड्या आणि बाजूला नखाएवढी खिडकी. ती बाई चाप ओढायची तेव्हा खिडकीतला निळा उजेड लाल व्हायचा. तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे होता. दिवसभर लेथवर उभं राहून आलेला माणूस तिथंही उभाच, कारण सतरंजीवर बायका-पोरं बसली होती. घरी येताना मी सांगितलं की मला ते पाहिजे. मुलीच्या जातीला बंदूक कशाला, असं आई म्हणाली. तुम्ही काहीच बोलला नाहीत, आणि तुम्ही बोलला नाहीत म्हणजे काम सुरू झालं असं समजायचं, हे मला बाराव्या वर्षीही कळत होतं.

खरं तर मला सांगायचंय ते वेगळंच आहे. तुमची कंपनीतली नोकरी ज्या माफीच्या कागदावरून गेली, त्या कागदाबद्दल सांगायचंय. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. पण थेट तिथं जायचा धीर होत नाही, म्हणून आधी पिस्तुलाचं सांगते.

पुण्यातला एक जण सिनेमातल्या अशा वस्तू घरी बनवून विकतो. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर रचत जाणारं मशीन असतं आता. ना लेथ, ना कीस, ना तेलाचा वास. सावेडीच्या आमच्या फ्लॅटवर पार्सल आलं तेव्हा तुमचे जावई दारातच म्हणाले, तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवणाऱ्या बाईंनी आता हे घेऊन वर्गात जायचं ठरवलंय का. मी म्हटलं, वर्गात शांतता तरी राहील. खोकं उघडलं, पिस्तूल हातात घेतलं आणि माझा चेहरा पडला. आतून पोकळ, हातात असून नसल्यासारखं. अंगभर थरांच्या बारीक रेघा. खिडकीत पांढरा दिवा, तोही बटण दाबलं तर लागणारा. आणि नळी सोनेरी रंग मारलेल्या प्लास्टिकची. मी तुमचं व्हर्निअर काढलं, पिस्तुलाची सगळी मापं घेतली आणि एका कागदावर मांडली. त्याशिवाय मला दुसरं काही सुचलं नाही.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यापुढे वहीचा कागद ठेवून म्हणाला होता, काढून दाव. मी पिस्तूल काढलं, रंगवलं, खाली स्वतःचं नावही टाकलं. तुम्ही बघितलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवलात. "माप कुठं हाय? मापाशिवाय नुसतं चित्र हाय हे. ह्याच्यावरनं मशीनवर काय लावू मी?" तुम्ही मला रागावलात असं ते एवढंच, पण मला रडू फुटलं. माप कुठून आणणार, सिनेमा तर दाखवून झाला होता. मग तुम्हीच वाट दाखवलीत. त्या बाईच्या मुठीच्या किती पट पुढं नळी दिसत होती ते आठव, मूठ काय सगळ्यांनाच असते. आपण आईची मूठ मोजली, पीठ लागलेली. त्या आठवड्यात मी व्हर्निअर वाचायला शिकले. नवीन तुकडीच्या पहिल्या तासाला मी अजून तुमचं तेच वाक्य म्हणते. फक्त 'हाय'चं 'आहे' करते, आणि ते कुणाचं आहे हे सांगत नाही. याचीही मला लाज वाटते.

तर चार महिने मी त्या पिस्तुलाच्या मागे लागले होते. रविवारी सकाळी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरायचं आणि बसायचं. पॉलिश पेपरनं घासून घासून रेघा घालवल्या, फटींत गाडीवाले रंगाआधी भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं. मूठ पोकळ होती, तिच्यात सायकलच्या दुकानातले छर्रे भरून वजन आणलं. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून तांब्याच्या नळीचा तुकडा मिळाला, त्याच्या कड्या वळवल्या. खिडकीतल्या दिव्यासाठी कॉलेजातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमनी छोटं सर्किट जोडून दिलं, आता चाप ओढला की निळ्याचा लाल होतो. मग राखाडी रंग. रंग वाळल्यावर कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली, म्हणजे हातात वापरून झिजल्यासारखं दिसतं. चांगल्या नव्या वस्तूला जुनं कशाला करतेस, असं हे विचारत होते. मी चोळत राहिले. नळीला मात्र मी हात लावला नव्हता. ती प्लास्टिकचीच राहिली होती, आणि घरातल्या कुणी त्याबद्दल विचारलं की मी विषय बदलत होते.

तुमचं पिस्तूल जेवणाच्या सुट्टीत होत होतं. बॉडी ॲल्युमिनियमची, मूठ बाभळीची, तासून तेल पाजलेली. एकेक भाग आणून तुम्ही माझ्या हातात द्यायचात आणि मी तो मापायचे. कागदावरच्या मापात बसला की बरोबरची खूण करायची, असा आपला शिरस्ता. नळीला पितळच पाहिजे, असं तुमचं म्हणणं, पितळ हाताला गार लागतं म्हणून. लांब गज कापून उरलेले तुकडे स्टोअरमध्ये भंगारात पडायचे. कंपनीतल्या सगळ्यांच्या घरचे कडी-कोयंडे त्याच भंगारातून आलेले होते आणि त्याला कुणी काही नाव ठेवत नसे. तुम्ही तर स्टोअरकीपरला विचारून तुकडा घेतलात. पण त्या आठवड्यात गेटवर नवा वॉचमन आला होता. त्यानं पिशवी उघडली, चिंध्यांत गुंडाळलेली बंदुकीची नळी पाहिली आणि आरडाओरडा केला. स्टोअरकीपरनं कानावर हात ठेवले. त्याला तीन मुली आहेत, असं तुम्ही आईला सांगितलंत, आणि त्याचं नाव कुठंच घेतलं नाहीत. त्या वर्षी परमनंट करायच्या यादीत तुमचं नाव होतं. सुपरवायझर म्हणाला, माफीचा कागद लिहून दे, मिटवून टाकू.

कागद दिला, पण मिटलं नाही. आठ दिवसांत तुमचं नाव यादीतून गेलं, महिन्याभरात कामावरूनही गेलं. मग तुम्ही आज या वर्कशॉपात, उद्या त्या, असं करत राहिलात. सीझन संपला की देवळाली प्रवराकडे साखर कारखान्याच्या दुरुस्तीच्या कामावर जायचात आणि पंधरा-पंधरा दिवस यायचा नाहीत. पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला कंपनीतल्या मशीनची पूजा करायला तुम्ही नव्हता. तुम्ही घरीच पाट मांडलात, त्यावर व्हर्निअर, दोन टूल आणि ते बिननळीचं पिस्तूल ठेवलंत, झेंडूचं फूल वाहिलंत आणि मला नमस्कार करायला बोलावलंत. मी आले नाही. पोटात दुखतंय म्हणाले. पुढे तुम्ही खाटेचे पाय कातणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून लाकडाची नळी करून आणलीत, मापात अगदी चोख. मी ती मापली नाही. आता मोठी झाले, मला नको, असं म्हणाले. तुम्ही ती कोनाड्यात ठेवून दिलीत. घर बदलताना व्हर्निअर सोडून सगळं भंगारात गेलं तेव्हा तुम्ही नव्हता, आणि ते कुणी दिलं असं मी विचारलंही नाही, कारण मीच दिलं होतं.

गेल्या महिन्यात शेवटी नागापूरच्या एमआयडीसीत गेले. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात अजून नगरच येतं. तुमच्या कंपनीचं आता गोडाऊन झालंय. मागच्या बाजूला एका आवारात पाच-सहा लहान वर्कशॉपं आहेत, त्यांतल्या एकात जुना लेथ दिसला म्हणून स्कूटर लावली. टर्नर माझ्याच वयाचा. मी ड्रॉइंग पुढे केलं, सगळ्या मापांसकट. त्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं. "झ्याक काढलंय, म्याडम. पर हे हाय कशाचं?" मी सांगितलं, खेळण्यातल्या पिस्तुलाचं, पितळेत पाहिजे. तो हसला नाही. कपाळाला आठ्या घालून पुन्हा मापं वाचू लागला, आणि मला तिथं उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी नळी तयार होती. हातात घेतली तर गार लागली, नाना. मी निघाले तसा त्यानं मागून हाक मारून थांबवलं, टेबलाच्या खणातून पावतीपुस्तक काढलं, त्यावर 'पितळी नळी एक' असं लिहिलं आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. "आवाराच्या गेटावर इचारत्यात, म्याडम. कागद असला की काय बोलत न्हाईत." गेटवरच्या माणसानं तो कागद बघितलासुद्धा नाही, नुसता हात हलवला. मी पुढे जाऊन स्कूटर उभी केली आणि रस्त्याच्या कडेला रडले. एवढाच कागद लागत होता.

आता माफीच्या कागदाचं. संध्याकाळ होती, आई स्टोव्हपाशी होती. तुम्ही दुकानातून एकच फुलस्केप कागद आणला होता, चुरगळू नये म्हणून माझ्या भूगोलाच्या पुस्तकात घालून ठेवलेला. तुमची शाळा तिसरीत सुटलेली. आकडे तुम्ही चुटकीसरशी वाचायचात, पण लिहिलेलं लावत लावत वाचायला वेळ लागायचा. मला पत्रलेखनात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. तुम्ही सांगत होता, "लिही. भंगारातला पितळंचा तुकडा लेखी परवानगी न घेता भायेर नेला. चूक झाली. पुन्ना आसं व्हनार न्हाई." मला ते फार साधं वाटलं. शाळेत आमच्या बाईंनी शिकवलं होतं की कबुली द्यायची तर पूर्ण द्यावी, अर्धी दिली तर माणूस माफ करत नाही. तुम्हाला माफी मिळावी म्हणून मी पूर्ण कबुली लिहिली. 'मी कंपनीच्या मालाची चोरी केली आहे. माझ्या कृत्याचा मला पश्चात्ताप होत आहे.' पश्चात्ताप हा शब्द वर्गात फक्त मला बिनचूक लिहिता यायचा.

तुम्ही म्हणालात, वाच बरं. मी कागद वर धरला आणि तेव्हाच मला कळलं की हे तुम्हाला चालणार नाही, तुम्ही खोडायला लावाल. कागद एकच होता, आणि अक्षर इतकं सुरेख आलं होतं. मी वाचून दाखवलं ते तुमचं वाक्य. भंगारातला तुकडा, लेखी परवानगी, चूक झाली. कागदावरचं वाचलंच नाही. तुम्ही मान हलवलीत आणि खाली सावकाश सही केलीत.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलात, पाय धुवायला बसलात. आईनं विचारलं, काय म्हणाले साहेब. सायबानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला कागद, असं तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे बघितलंत. "म्हनला, अक्षर लई चांगलं हाय पोरीचं." दुसरं काहीच सांगितलं नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढं कधी. त्यानंतरही प्रत्येक अर्ज, प्रत्येक फॉर्म माझ्याकडूनच लिहून घेतलात. फक्त, वाच बरं, असं म्हणायचं बंद केलंत. आई अजून आहे, तिला आता दिसत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवावं असं चार दिवस मनात येतंय, पण वाचताना मी पुन्हा दुसरंच वाचीन अशी भीती वाटते, म्हणून ते इथंच माझ्या कपाटात राहील. नोकरी गेली ती माझ्या त्या वाक्यामुळे, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं ते एवढंच, की साहेबांना माझं अक्षर आवडलं हे ऐकून मला त्या संध्याकाळी फार आनंद झाला होता.