मेलेल्या मेंढीची लोकर

मी, कस्तुराबाई भ्रतार कै. बिरमाजी गडदे, जात धनगर, धंदा लोकर कातणे, वय सत्तरीच्या आसपास, राहणार मौजे शिरपूर, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण डोके ठिकाणावर आहे. मजकूर मी सांगितला, वाशीमच्या अर्जनविसांनी लिहिला. शिव्या तेवढ्या त्यांनी गाळल्या.

१. शिरपुरातले दोन खोल्यांचे घर मी कातण्याच्या कमाईतून बांधले. ते माझी विधवा मुलगी गोमतीबाई हिला द्यावे.

२. चरखा, कातऱ्या, घंगाळ आणि मेंढरेही गोमतीचीच. मेंढी कातरली की लोकरीतून लेंड्या, गोखरू, गोचिड, काय काय निघते. ते बोटांनी वेचून लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात नुसती बुडवावी. चोळू नये, गुठळ्या होतात. सावलीत वाळली की इब्राहीम पिंजाऱ्याकडे द्यावी. तो पिंजताना आळस करत नाही. ही घाण मी जन्मभर काढली, तिची शिसारी मला कधी आली नाही.

३. धाकटी जाऊ कमलीबाई माझ्या अंगाला मेंढराचा वास येतो म्हणून पंगतीत नाकाला पदर लावून लांब बसत आली. तिची सगळी बाळंतपणे माझ्याच घोंगडीवर झाली. तिला आता एकही घोंगडी देऊ नये. मागायला आली तर पाणी द्यावे आणि वाटेला लावावे.

४. मुलगा भिवाजी याला काही नाही. कारण सांगते. शिरपूरला दर्शनाला येणाऱ्या जैन साध्वींच्या ओघ्यासाठी मी सूत कातत असे. ओघा म्हणजे लोकरीच्या दोऱ्यांचा झुपका. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून त्या त्याने वाट हलकेच झाडतात. लोकर जिवंत मेंढीची हवी, एवढेच त्यांचे मागणे. माझे डोळे गेल्यावर सूत पोचवायला भिवाजी जाऊ लागला.

यंदा चातुर्मासात एक साध्वीजी माझ्या अंगणात आल्या. ओल लागली की ओघ्याला वास येतो, म्हणाल्या. मी तो हातात घेतला आणि नाकाशी नेला. चुन्यात टाकलेल्या कातड्यावरून उपटलेली लोकर होती ती. भिवाजीने स्वस्तात आणून कुठून तरी कातून घेतली आणि माझ्या नावावर खपवली.

“माँजी, मेंढी जिवंत थी ना?”

“नाही,” मी म्हटले.

त्यांनी ओघा खाली ठेवला. ओघ्याशिवाय त्यांना पाऊल उचलता येत नाही. सोबतच्या साध्वी दुसरा घेऊन येईपर्यंत त्या भर उन्हात तिथेच उभ्या राहिल्या. भिवाजी दारात बिडी ओढत होता.

“काहून येवढा तमाशा करून राह्यली माय? लोकर ते लोकर. मले तं देणाऱ्यानं जित्या मेंढीचीच सांगितली होती.”

“आन् तुले काही समजलं नाही? धनगराच्या पोटचा ना तू?”

तेव्हापासून त्याचे एकच पालुपद, “मले ठाऊक नव्हतं.” मला त्याची किळस येते. परका असता तर थुंकून मोकळी झाले असते. त्याच्या हातचे पाणी आता माझ्या घशाखाली उतरत नाही.

५. ज्याला मृत्युपत्रात काही मिळत नाही असा साक्षीदार बरा, असे अर्जनवीस म्हणाले. एक इब्राहीम सोबत आला आहे. तसा दुसरा माणूस माझ्या घरातच आहे. घर आपल्याला मिळणार या आशेने भिवाजी मला मोटारीने इथे घेऊन आला आणि बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत बोलावून हे सगळे वाचून दाखवावे. सही करायची नसेल तर खुशाल जावे, वेगळा साक्षीदार घेता येईल. करायची असेल तर त्या लोकरीबद्दल खरे काय ते आधी स्वतःच्या हाताने लिहावे. चौथीपर्यंत शिकवला आहे. ते ऐकल्याशिवाय मी मेले तर माझा जीव सुखाने जाणार नाही.

वरील मजकूर वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

ठिकाण: वाशीम
तारीख: ३ डिसेंबर १९५७

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: कस्तुराबाई भ्रतार बिरमाजी गडदे

साक्षीदार:

१. शेख इब्राहीम पिंजारी, राहणार शिरपूर. सही.

२. मेंढी मेलेली होती. मले घेतानाच ठाऊक होतं.
भिवाजी बिरमाजी गडदे. सही.