भरणी कंपनीचे भाव आणि बाळकुमचे आगर

मी, गुणाजी बिन धोंडीबा मढवी, जात आगरी, वय सुमारे साठ, पूर्वी ठाण्याच्या मीठबंदरावर तोलाचा कारकून, हल्ली घरी, राहणार मौजे बाळकुम, तालुका साष्टी, जिल्हा ठाणे, हा कागद माझ्या हाताने लिहून ठेवतो. दम्याचा त्रास सोडला तर प्रकृती बरी आहे आणि डोके ठिकाणावर आहे. कोणी भीड घातलेली नाही, कोणी धाक दाखवलेला नाही, आणि गेल्या शिमग्यापासून मी ताडीला शिवलेलो नाही. याआधी असा लेख केलेला नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खाली लिहिल्याप्रमाणे करावी.

कलम १. राहते घर, परसातल्या विहिरीसह, मुलगा उत्तम यास द्यावे. मागच्या भिंतीला ओल येते. तिच्याकडे दरसाल पाहावे, नुसता वरून चुना फासून भागवू नये. उत्तमला तशी सवय आहे.

कलम २. माझ्या मयत बायकोचे सर्व दागिने मुलगी उत्तरा हिला द्यावेत. ती कल्याणास दिली आहे. तिच्या लग्नाचा विषय पुढे येणार आहे. त्यात जे झाले त्यात तिचा कणभरही दोष नाही. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

कलम ३. माझ्या खोलीत भिंतीला टेकवलेली सागाची लांब फळी उत्तमला द्यावी. ती चुलीत घालू नये. तिच्यावर ज्या उभ्या रेघा कोरल्या आहेत त्या कशाच्या, हे त्याला ठाऊक आहे, पण त्या कशा वाचायच्या हे ठाऊक नाही, म्हणून इथे लिहितो.

आमच्या मिठाच्या आगराच्या बांधाला खाडीचे पाणी आत घ्यायची जी उघाडी आहे, तिच्या खांबावर माझे वडील दर उधाणाला पाणी जिथवर चढले तिथे खाच पाडीत. त्या खाचा बघून बांध किती उंच घालायचा ते ठरे, आणि वडिलांचा बांध कधी फुटला नाही. पुढे मुंबईत समुद्र भरून जमीन करणारी भरणी कंपनी निघाली, तिचे शेअर विकायला आले. आमच्या लोकांना ती कंपनी लगेच पटली. बांध घालणे, पाणी बाहेर काढणे, जमीन मिळवणे हा तर आमचाच धंदा. मी आणि माझा थोरला भाऊ काळुराम, दोघांनी शेअर घेतले. मला वाचता येत होते. बंदराच्या कचेरीत येणाऱ्या वर्तमानपत्रातून मी दर शनिवारचा भाव टिपायचो आणि घरी येऊन या फळीवर त्या भावाइतकी उंच रेघ कोरायचो. गावातली माणसे बघायला येत. मला त्याचा मोठा अभिमान होता.

फळीवर पाहिले तर भाव तीनदा खाली आला आणि तिन्ही वेळा पहिल्यापेक्षा वर चढला. मी आगऱ्याचा मुलगा. उतरलेले पाणी परत चढते, हे मला कुणी शिकवावे लागले नव्हते. म्हणून सन १८६५ साली अमेरिकेतली लढाई थांबली, मुंबईत येणारा कापसाचा पैसा आटला आणि भाव उतरू लागला, तेव्हा काळूदादा माझ्याकडे आला. म्हणाला, "गुन्या, इकू का रे?" मी त्याला फळीसमोर उभे केले आणि सांगितले, "थांब दादा. ही ओहोटी हाय, थोरंच दिस. भरती येल." समुद्राला परत यावेच लागते. भावाला तसे काही बंधन नाही. एवढी साधी गोष्ट मला समजायला भावाचे घर बुडावे लागले.

उत्तम, तू गिरणीच्या कचेरीत बसतोस आणि गिरण्यांच्या शेअरांचे मागचे भाव लिहून काढतोस, हे मी पाहिले आहे. लिही, माझे काही म्हणणे नाही. जुना भाव खोटे बोलत नाही, पण त्याला विचारावे तेवढेच तो सांगतो. त्या दिवशी कोणीतरी इतके पैसे दिले, बस. का दिले, हे आपण शोधायचे. भाव चढला त्या आठवड्यात कंपनीने काही काम केले होते का, नफा वाटला होता का, की नुसती घेणाऱ्यांची झुंबड होती, हे प्रत्येक रेघेशेजारी लिही. मी दीड वर्ष रेघा कोरल्या, पण कंपनीने समुद्रात दगड किती टाकले ते बघायला एकदाही गेलो नाही. बुडाल्यावर गेलो. चिखलात रोवलेले खुंट होते, आणि त्यांच्यावर बगळे बसले होते.

आणखी एक. फळीच्या उजवीकडचा भाग कोरा आहे तो नीट बघ. जुलैनंतर वर्तमानपत्राने त्या कंपनीचा भाव छापणेच सोडून दिले. बुडालेल्या कंपनीचे नाव यादीतून निघून जाते, म्हणून आज यादी घेऊन मागचे भाव बघणाऱ्याला सगळ्या कंपन्या तरलेल्याच दिसतात. तुझ्या वहीत ज्या गिरण्या आहेत त्या उरलेल्या आहेत. गेलेल्या कोणत्या, ते आधी विचार.

कलम ४. कळव्याचा दौलत भोईर हा माझा जुना स्नेही. त्याच्याकडे माझी लहान होडी आहे ती त्याच्याकडेच राहू द्यावी. मात्र एक अट आहे. गेली चोवीस वर्षे हा गृहस्थ प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक बाराव्याला सांगत आला आहे की, गुणाजीशेटला बुडती कंपनी आधीच दिसली, म्हणून त्याने चढत्या भावात शेअर विकून टाकले. मी शेट नाही आणि मला काहीही दिसले नव्हते. उत्तरेचे लग्न माघात ठरले, व्याह्यांनी मानपान मोठा मागितला, म्हणून मी शेअर विकले. विकल्यावर पुढचे दोन शनिवार भाव आणखी चढला तेव्हा मी घरात आदळआपट केली होती. ही गोष्ट दौलतने माझ्या बाराव्याला सांगू नये. सांगायचीच असेल तर खरी सांगावी. लोक मला शहाणा म्हणत आणि मी गप्प बसून ऐकत असे, याची मला आज लाज वाटते.

कलम ५. *बाळकुमच्या आगराचा काळुरामकडून घेतलेला अर्धा हिस्सा माझ्यामागे त्याची विधवा सगुणा हिला द्यावा.*

वरील कलम मी स्वतः खोडले आहे. खोडाखोड माझ्या हातची आहे, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. का खोडले ते लिहितो.

कंपनी बुडाल्यावर शेअरच्या किमतीचा भरायचा राहिलेला हप्ता भरा म्हणून काळूदादाला नोटीस आली. त्याच्यापाशी आगराच्या अर्ध्या हिश्शाखेरीज काही नव्हते. लग्न उरकून माझ्यापाशी पैसा उरला होता. मी म्हटले, मी घेतो. गावातली आगरे मागे कोणत्या साली काय भावाने विकली गेली ते मला तोंडपाठ होते. त्यांतले बांध फुटलेल्या सालचे, सगळ्यांत पडलेले भाव मी त्याच्यापुढे ठेवले आणि सांगितले की हाच चालू भाव. फळीपुढे मी चुकलो तो अडाणीपणाने. इथे मी चुकलो नाही. इथे मला सगळे कळत होते. दादा म्हणाला, "घरातच रातंय ना, मंग झायला." पुढे अकरा वर्षे त्याने स्वतःच्याच आगरात माझा मजूर म्हणून मीठ ओढले. संध्याकाळी मी मजुरी हातावर ठेवी, तो न मोजता कनवटीला लावी. त्याने एकदा तरी मोजायला हवी होती असे मला अजून वाटते. तसाच एका उन्हाळ्यात तो गेला.

आई गेल्यावर मला वाढवले ते सगुणा वहिनीने. हे कलम लिहून झाले तेव्हा मी ते तिला वाचून दाखवायला गेलो. मनातून जरा बरेही वाटत होते. ती अंगणात बोंबील उलटवीत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "कवा मिलंल मना?"

"माज्या मागं, वहिनी. मृत्युपत्र तसाच असतं."

"मंजे तू मरंपरंत मी थांबू?"

"थोरंच दिस आता."

ती उभी राहिली. "त्याला पन तू हेच सांगलंस. थांब दादा, थोरंच दिस. तो थांबला नि तसाच जेला. आता मना पन थांब सांगतंस? तुजा हात काय मोरलाय? देयाचा तं आता दे. तुज्या मरनाची वाट बगायला नको लावू मना, गुनाजी. तेवरी वाईट नाय मी."

चोवीस वर्षे मी स्वतःला पापी म्हणवून घेत होतो, तरी देण्याची वेळ आली तेव्हा मी माझ्या पोटाला चिमटा बसणार नाही अशीच तारीख निवडली होती.

दुसऱ्या दिवशी तिला होडीतून ठाण्याला नोंदणी कचेरीत नेले. कारकुनाने विचारले, बक्षीसपत्र लिहू का? वहिनी म्हणाली, "बक्षीस कनाला? आमचाच हाय." पुष्कळ वादावादी होऊन 'हिस्सा परत केल्याचा लेख' असा मथळा घातला. उत्तमचे तोंड दोन दिवस उतरलेले होते, ते मी पाहिले. परत येताना होडीत मी भीत भीत विचारले, "वहिनी, राग जेला का?" ती म्हणाली, "आगर आला. राग माजा हाय, तो मी ठेवतंय."

कलम ६. माझे दिवस साधेपणाने करावेत. जेवण घालायचे ते आधी आगरातल्या मजुरांना घालावे. माझ्या अर्ध्या हिश्शाचे आगर उत्तमचे. ते तो विकू लागला तर पहिल्याने सगुणा वहिनीला विचारावे, आणि भाव तिने सांगावा.

ठाण्याचे वकील सांगतात की मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याची साक्ष त्यावर घेऊ नये. या मृत्युपत्राने सगुणा वहिनीला काही मिळत नाही. मी जे मागे ठेवून जातो त्यात तिचे आता काही राहिलेले नाही, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? म्हणून दुसरी साक्ष तिची घेतली आहे.

मुक्काम बाळकुम, मार्गशीर्ष शुद्ध १०, शके १८११, तारीख ३ डिसेंबर सन १८८९.

गुणाजी बिन धोंडीबा मढवी, दस्तूर खुद्द.

साक्ष:

दौलत बिन नाथा भोईर, राहणार कळवा. कलम ४ वाचले. वाईट वाटले. सही केली आहे.

सगुणाबाई, मयत काळुराम मढवी याची बायको, राहणार बाळकुम, धंदा स्वतःचे मिठागर. लिहिता येत नाही, सबब निशाणी फावड्याची, तिच्या हातची.