इंजिन बसेपर्यंत

आबा, तुम्ही गेल्यावरही दरवर्षीसारखी आज मोटार पावसाळ्यापुरती बंद करून ठेवली. रेडिएटरचं पाणी सोडलं, प्लग काढून एकेका भोकात तेलाचे थेंब टाकले, हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवलं आणि उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला. साबणानं हात धुतले तरी बोटांना तेलाचा वास राहिलाच. मग तुमची अशी काही आठवण आली, की कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर लिहायला बसले.

तुम्ही ही मोटार उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये ओढत आणलीत तेव्हा मी कॉलेजात होते. इंग्रजांच्या काळातली गाडी, इंजिन जाम, मागच्या सीटवर कोंबडीनं घर केलेलं. "भंगार घिऊन आलाय व्हय?" आई म्हणाली. तुम्ही सगळे रविवार त्यात घातलेत. ब्लॉक रीबोअर केला, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कोरून गुळगुळीत केले, नवे पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. इंजिन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी तुम्ही शेडभर पेढे वाटलेत आणि दादा किल्लीसाठी हात पुढं करून उभा राहिला. तुम्ही म्हणालात, आता रनिंग इन करायचं, म्हणजे नव्या रिंगा घासून घासून सिलिंडरला बसेपर्यंत वेगाचा काटा तीसच्या वर न्यायचा नाही, इंजिनावर जोर टाकायचा नाही. आणि किल्ली माझ्या हातात ठेवलीत! वर्षभर मी गाडी शिकवा म्हणून तुमच्या मागं लागले होते, पण असं काही होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. आईनं कपाळावर हात मारला. "पोरीला डायवर करताय काय?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "हिचा पाय हलका हाय. तुझ्या ल्योकाचा पाय म्हंजे धोंडा. इंजन बसूस्तवर ही चालवंल, मग त्यो." त्या क्षणापासून हे इंजिन कधी बसूच नये, असं मला वाटायला लागलं.

कागलचा रस्ता. मी चालवतेय, तुम्ही शेजारी, आणि सायकलवरचा दूधवाला घंटी वाजवत आपल्या पुढं जातोय. कुणी आपल्याला मागं टाकलेलं तुम्हाला जन्मात खपलं नव्हतं. तुमचा चेहरा बघून मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तुम्ही मागं पाटी लावलीत, 'नवं इंजन हाय. फुडं व्हा.' कोल्हापुरात असली पाटी बघून कोण पुढं जाणार? उलट जो तो गाडी हळू करून शेजारी यायचा. "ओ पावणं, कुणी बांधलं इंजन?" "मीच." "आन् पोरगी चालवती व्हय? भले! बॉनेट उघडा की, बघू तरी." झालं. तुम्ही लगेच गाडी बाजूला घ्यायला लावून बॉनेट उघडायचात. नवं इंजिन उभ्याउभ्या चालू ठेवायचं नाही हा तुमचाच नियम, पण ट्रकवाल्यांना आवाज ऐकवायच्या नादात तुम्ही तो रोज मोडायचात आणि मी ओरडायची, "आबा, बंद करा की!" तुम्ही जीभ चावायचात. आयुष्यात तुम्हाला रागवायची संधी मला तेवढीच मिळाली आणि मी ती भरपूर वापरली.

उन्हाळा सरत आला. तेल बदलून झालं, हेडचे नट पुन्हा आवळून झाले. दादा रोज विचारायचा आणि तुम्ही रोज इंजिनाला कान लावून मान हलवायचात, "न्हाय अजून." मग पाऊस आला. गाडीच्या कापडी छपरातून पाणी गळायचं, म्हणून पावसात न चालवता ती ताडपत्री टाकून अंगणात विटांवर चढवून ठेवली. दर आठवड्याला मी हँडल फिरवायची, तुम्ही छत्री धरायचात. दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी बाहेर काढली तेव्हा दादानं नवा शर्ट घातला होता. तुम्ही म्हणालात, "येवढं दीस बसून हुती. परत पयल्यापासनं रनिंग इन कराय पायजे." दादा ओरडला, "आबा, ही मोटार हाय का बाळंतीण?" शेवटी त्यानं फटफटी घेतली आणि आपल्या पुढून धूळ उडवत जाण्यात समाधान मानलं. मला एवढा आनंद पुन्हा क्वचितच झाला.

आता सांगते. इंजिन त्या पहिल्याच उन्हाळ्यात बसलं होतं. कागलहून परतताना एका चढावर आवाज एकसारखा झाला, धूर कधीचा थांबला होता, गाडी आपणहून पुढं ओढायला लागली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी मुद्दाम रस्त्याकडं बघत राहिले. तुम्ही माझ्यासाठी घरभर खोटं बोलत होतात आणि मला ते ठाऊक होतं. फार आवडायचात तुम्ही तेव्हा मला. पण बोलून दाखवलं असतं तर किल्ली द्यावी लागली असती, म्हणून गप्प बसले. हे पान पाकिटात घालणार नाही आणि घरातही ठेवणार नाही. दादा अजून रोज सकाळी चहाला येतो, आणि चष्मा लावून दिसेल ते वाचतो.