न दाखवलेली पाठ

आणि पाठ टांगेवाल्याला दाखवलीत, नाना. लेकीला, मला नाही. एका घरात राहिलो, दोन वेळची भाकर मी थापली, आणि पाठीवरच्या गाठीला घोड्याचा केस बांधायला तुम्हाला स्टेशनावरचा टांगेवाला सापडला. बारा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, माझा राग आहे तिथेच आहे. चौथीतून शाळा सोडवलीत, अक्षर असंच येणार. वाचा.

मूल होत नाही म्हणून एरंडोलहून सासरच्यांनी मला परत धाडलं, त्या वर्षी तुम्ही पिशवीत काय आणलंत? गिनीपिग. धुळ्याच्या कॉलेजात तुम्ही प्रयोगशाळेचे शिपाई, तिथे एक जास्तीचं झालं होतं. माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "सांभाळ." मी म्हटलं, लेकराच्या जागी उंदीर आणला का? तुम्ही चुलीजवळ खोकं सरकवलंत. शेजारची अक्का हसली, "हाई काय शे व माय, शेपटीच नही!" पण मी मेथी निवडायला बसले की ते शिट्टी मारायचं आणि मी देठं टाकायची. एवढंच. माया वगैरे मला बोलता येत नाही.

तपासायचं तुम्हीच शिकवलंत. दर रविवारी मांडीवर घ्यायचं, केस उलटे फिरवायचे, मानेपासून मागच्या पायांपर्यंत बोटांनी चाचपायचं. काही लागलं तर चिमटीत धरून हलवून बघायचं आणि केवढं आहे ते दाण्यावर सांगायचं. बाजरी, ज्वारी, तूर, हरभरा. दाणा बदलला की दवाखाना. कंबरेवर बाजरी लागली तेव्हा अक्का म्हणाली, "चामखीळ शे ती, घोडाना केस बांध, पडी जाई." केवढ्याने ओरडलात तिच्यावर! "केस बांधून सडवायचंय का त्याला?" मग मावशीकडच्या लग्नाला मी पाचोऱ्याला गेले, दोन रविवार चुकले. येऊन बघते तर हरभरा. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. "झोपली होतीस का? मुकं जनावर, ते सांगणार आहे का तुला?"

जनावरांच्या दवाखान्यात आपण रांगेत उभे आहोत, पुढे म्हशी, मागे बैल, मधे माझ्या पदरात हे. एक म्हशीवाला विचारतो, "नाना, दूध किती देतं?" तुम्ही म्हणता, "तुझ्या म्हशीपेक्षा कमी खातं." डॉक्टरांनी गाठ कापली, टाके घातले. म्हणाले, चरबीची आहे, आणलंत ते बरं केलं. तुमच्यामागे दोन वर्षं जगलं ते.

आणि तुम्ही? नळावर चक्कर येऊन पडलात, सदरा काढला तेव्हा मी पाहिलं. खांद्याखाली आवळ्याएवढी काळी गाठ, केस मांसात रुतलेला. मी विचारलं, हे काय? म्हणालात, "बापाची पाठ लेकीनं बघू नये." जळगावच्या डॉक्टरांनी हात टेकले. "इतके दिवस काय करत होता?" असं त्यांनी तुम्हाला नाही, मला विचारलं. टांगेवाला दारात बसून रडला, "बाई, मी नको म्हणत होतो. त्यांनीच बांधायला लावला." जनावराला दवाखाना आणि स्वतःला घोड्याचा केस. हा कुठला न्याय, नाना?

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. तुमची बनियन तुम्ही स्वतः धुवायचात. तुम्ही पडलात त्याच्या महिनाभर आधी एकदा ती माझ्या धुण्यात आली. पाठीवर पिवळट रक्ताचा डाग. मी बघितला. दाणा कधीचा बदलला होता, ते मला कळलं. पण तुमचा तो ओरडा मनात होता. म्हटलं, हे काही मुकं जनावर नाही, तोंड आहे, सांगतील. साबण लावला, घासला, डाग काढला आणि बनियन वाळत टाकली.

पत्र कुठे टाकू, पिठाच्या डब्याखाली ठेवते. एकच सांगा. ती बनियन चुकून आली, की मी बघावी म्हणून तुम्ही टाकलीत? मला भाऊ नाही, म्हणून अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, पितरांत तुमच्या नावाची घागर मीच पाण्याने भरते, वर डांगराचं फळ ठेवते. यंदाच्या आखाजीच्या आत मला उत्तर द्या. नाही दिलंत, तर घागर रिकामी मांडीन.